लाल ठिपक्याचा फासा

फोन सकाळी सव्वाअकराला आला. "सर, तुमचं पार्सल कस्टमला थांबलंय. आत मॉन्स्टर मॅन्युअल असं लिहिलंय. मॅन्युअल आहे म्हणजे मशिन असणार. मशिनचं इन्व्हॉइस कुठाय?"

मी मीटिंगमधून उठून जिन्यात आलो. मशिन नाही हो, म्हटलं, पुस्तक आहे. राक्षसांचं.

पलीकडे जरा शांतता. "धार्मिक का?"

धार्मिक नाही, म्हटलं. पाचशेच्या वर राक्षस आहेत, चित्रांसकट. कोण किती फटक्यांत मरतो, कुणाला आग लागत नाही, कोण नजरेनं दगड करतो, असं सगळं. 384 पानं.

"आणि याचा वापर?"

हा प्रश्न घरात मला गेली अकरा वर्षं विचारला जातोय. मी गप्प बसलो. तेवढ्यात त्यानं पुढची ओळ वाचली, "मेटल डाइस, 7 नग." मग विचारलं, "आता सर, पुस्तक लावू की खेळणं?" परदेशी पुस्तकावर 2019 मध्ये 5 टक्के सीमाशुल्क लागलं आणि खेळण्यांवरचं 2023 च्या अर्थसंकल्पात 60 वरून 70 वर गेलं, एवढं गणित मला झोपेतही येतं. जिन्यात उभा राहून मी "पुस्तक! पुस्तक!" असं इतक्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरचा चहावाला वर बघायला लागला.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. एक जण डंजन मास्टर, आमच्या गटात मीच. तो गोष्ट सांगतो आणि राक्षस चालवतो. बाकीचे कुणी बुटका योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर. कुणाचं काय जमलं आणि काय फसलं ते फासे ठरवतात. 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो पहिल्यांदा काढला. तीन पातळ पुस्तिका, एक खोकं, किंमत 10 डॉलर, आणि सगळ्या मिळून हजार प्रती. तेवढ्यावर थांबले असते तर माझं कपाट आज बंद झालं असतं.

पण ते थांबले नाहीत. खेळाला 50 वर्षं झाली म्हणून नियमांची पुस्तकं नव्यानं लिहिली गेली. सप्टेंबर 2024 मध्ये खेळाडूंचं, नोव्हेंबरात डंजन मास्टरचं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये राक्षसांचं. माझ्याकडे 2014 ची तिन्ही होती, चांगली धडधाकट. बायकोनं जुनं आणि नवं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून विचारलं, "यात नवीन काय?" मी म्हटलं, आधी औषधाची बाटली प्यायला लढाईतली अख्खी पाळी जायची. आता तलवार मारून शिवाय बाटलीही पिता येते. ती म्हणाली, "यासाठी एवढे पैसे?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. आमच्या गटात मात्र याच बाटलीवरून दीड महिना अबोला होता. आमचा चोर पेशानं सीए असल्यामुळे नवा कायदा कधीपासून लागू, हे लेखी मागत होता.

आणि एका खेळावर भागत असतं तरी चाललं असतं. मे 2025 मध्ये डॅगरहार्ट आला. त्यात 12 बाजूंचे दोन फासे एकदम टाकायचे, एक आशेचा, एक भीतीचा. त्यांचे रंग वेगळे हवेत. झालं, नवे फासे. त्यात पत्ते आहेत, पत्ते मळतात, म्हणून पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं. त्याआधी 2023 मध्ये शॅडोडार्क आला होता. त्यात मशाल खऱ्या घड्याळाच्या एका तासात विझते आणि सगळे अंधारात. हा एकच खेळ माझ्या आईला पहिल्या झटक्यात कळला. "लोडशेडिंगच की," ती म्हणाली, आणि मेणबत्त्या कुठे ठेवल्यात ते सांगून गेली.

संन्याशाच्या लंगोटीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. लंगोटी उंदीर कुरतडतात म्हणून मांजर पाळलं, मांजराला दूध हवं म्हणून गाय, गाय सांभाळायला बायको. माझी लंगोटी म्हणजे धातूचे पहिले फासे, या पार्सलच्या आधीचे. ते आले आणि पहिल्याच दिवशी सेंटर टेबलच्या काचेचा टवका उडाला. म्हणून मऊ अस्तराचा ट्रे. ट्रेमध्ये आमचा बुटका योद्धा फासा टाकत नाही, हळूच ठेवतो, असा संशय आल्यावर टॉवर, म्हणजे वरून फासा सोडायचा आणि तो पायऱ्या आपटत खाली येतो. टॉवर आला तर त्याच्यापुढे, मी ज्याच्याआड बसतो तो जुना पुठ्ठ्याचा पडदा गरीब दिसायला लागला, म्हणून चार घड्यांचा नवा. पडद्यामागून मी ज्या ड्रॅगनचं वर्णन करणार तो टेबलावर दिसायला नको का? म्हणून ड्रॅगन. तो पांढऱ्या प्लास्टिकचा येतो, रंगवावा लागतो. म्हणून रंग, ब्रश, आणि डोळ्यांना लावायचं भिंग. संन्याशाकडे निदान गाय तरी दूध देत होती.

तर ते पार्सल शेवटी सुटलं आणि नेमकं मी घरी नसताना आलं. बाबांनी घेतलं.

बाबा भोसरीच्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झाले. चौतीस वर्षं प्रेसच्या डाय, म्हणजे साचे, बनवल्या आणि तपासल्या. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर सात फासे ओळीनं, आणि बाबांच्या हातात व्हर्नियर, जबड्यात धरून माप घ्यायचं ते.

"या कसल्या डाय?" ते म्हणाले. "पावतीवर मेटल डाइस लिहिलंय. मला वाटलं, तू शेवटी काहीतरी कामाचं मागवलंस."

खेळायचे फासे आहेत बाबा, मी म्हटलं.

"ते कळलं मला. पण माल बघून घेतलास का?"

त्यांनी 20 बाजूंचा फासा जबड्यात धरला. या फाशाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात आणि त्यांच्या आकड्यांची बेरीज 21 होते, 20 च्या पाठीशी 1, 19 च्या पाठीशी 2. म्हणजे मापं दहा. बाबांनी दहाही घेतली होती आणि जुन्या डायरीत पेन्सिलीनं मिलिमीटरमध्ये लिहिली होती. वीस पॉइंट शून्य चार, वीस पॉइंट शून्य दोन, वीस पॉइंट शून्य चार, असं करत करत दहाव्या ओळीत 19.62, खाली दोन रेघा.

"वीस आणि एकच्या मध्ये पॉइंट चारनं मार खाल्लाय. पॉलिशिंगला जास्त घासला. चपटा झाला. हा एकतर वीस देईल, नाहीतर एक. रिजेक्ट."

मग नेलपॉलिशची बाटली उघडून त्यांनी 20 आणि 1 च्या मधल्या एका कडेवर लाल ठिपका दिला. बायकोचं नेलपॉलिश होतं. तो विषय वेगळा.

4 बाजूंचा फासा मात्र त्यांना मोजता येईना. त्याला समोरासमोर बाजूच नाहीत, एका बाजूला टोकच येतं, व्हर्नियर धरणार कुठे? पंधरा मिनिटं ते त्याच्याकडे बघत होते. "याला हाइट गेज लागेल," शेवटी म्हणाले आणि तो बाजूला ठेवला, म्हणजे जमिनीवर पडला, आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माझ्या पायात घुसला. ज्यांनी शेतात अनवाणी सराटा अनुभवलाय त्यांना जास्त सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून कपाटातला जुना माल तपासणीला बाहेर निघाला. प्लास्टिकच्या फाशांसाठी खारं पाणी. पेल्यात मीठ इतकं विरघळवायचं की फासा तरंगेल. मग टिचकी मारून फिरवायचा. दर वेळी तोच आकडा वर आला तर आत बुडबुडा आहे. ही युक्ती खेळणाऱ्यांत जुनीच आहे, पण बाबांनी ती ओट्यावर एका वेळी सहा पेले लावून केली. पापडांसाठी आणलेलं मीठ संपलं. लोक निकालाच्या दिवशी देव पाण्यात ठेवतात, आमच्याकडे आठवडाभर फासे पाण्यात होते. नापास झालेले एका श्रीखंडाच्या डब्यात गेले. वाईट पडणारे फासे कोंडायला छोटे गजांचे तुरुंग विकत मिळतात, हे मी बाबांना मुद्दाम सांगितलं नाही.

1979 च्या सुमारास अमेरिकेत फाशांचा तुटवडा झाला होता, हे मात्र सांगितलं. तेव्हा खोक्यात फाशांऐवजी छापील आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. कापायच्या, कपात टाकायच्या, न बघता एक उचलायची, आपल्या चोर-शिपायाच्या चिठ्ठ्यांसारखी. बाबा म्हणाले, "कागदाला टॉलरन्सचा प्रश्न येत नाही. तेच बरं होतं."

खेळ ठरला तीन आठवड्यांनी, शनिवारी रात्री. सगळं नवं मांडलं. ट्रे, टॉवर, पडदा, आणि चार रविवार घालून रंगवलेला लाल ड्रॅगन. त्याच्या शेपटीवरचे खवले मी भिंगातून एकेक रंगवलेत. तो निदान दोन-तीन शनिवार टिकावा अशी माझी, डंजन मास्टर म्हणून नव्हे, रंगारी म्हणून इच्छा होती.

आई पोहे घेऊन आली की "आता कुणाचं दान?" असं विचारते. आम्ही इतकी वर्षं 'रोल' म्हणत होतो. आता सगळे दानच म्हणतात.

साडेअकराच्या सुमाराला ड्रॅगनच्या अंगात जिवाचे 11 गुण उरले होते. दान आलं सीएचं. त्यानं ट्रेजवळच्या फाशांवर नुसताच हात फिरवला, मग खिशातून एक काढला आणि टॉवरमध्ये सोडला. खडखडत आला, अस्तरावर एक गिरकी घेतली, आणि 20. म्हणजे माराचे फासे दुप्पट, ड्रॅगन खलास. टेबलावर आरडाओरडा. आणि फाशाच्या कडेवर लाल ठिपका.

"हे चालणार नाही," मी म्हटलं. "तो रिजेक्ट आहे. श्रीखंडाच्या डब्यातला आहे."

"नियमात दाखव," सीए म्हणाला. "जुन्या किंवा नव्या, कुठल्याही."

दहा मिनिटं भांडण झालं. 384 पानं तीनदा उलटली. व्हर्नियरबद्दल एक ओळ नाही. शेवटी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बाबा बनियनवर बाहेर आले. त्यांनी फासा उचलला, ठिपका बघितला, चष्मा कपाळावर सरकवला.

"पार्टी माल घ्यायला तयार आहे?"

"तयार आहे काका," सीए म्हणाला.

"डिस्पॅच किती वाजता?"

"माझी शेवटची बस गेली," चेटकीण म्हणाली.

"मग आता रीवर्क कसलं करता? डेव्हिएशनवर पास करून टाका." त्यांनी सीएच्या कागदाची मागची बाजू मागितली, फाशाचं माप लिहिलं, 'एका वेळेपुरते मान्य' लिहून खाली सही केली आणि तारीख घातली. मग माझा ड्रॅगन शेपटीला धरून अलगद उचलला आणि दिव्याखाली फिरवून बघितला.

"याच्या डाव्या पंखाला रंग जाड बसलाय," म्हणाले, आणि फासा श्रीखंडाच्या डब्यात टाकून दार लावून घेतलं.