डबे दोन, पिशवी मात्र एकच

किती वेळा सांगायचं? ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. ओला-सुका वेगळा ठेवायचं हे 2016 च्या घनकचरा नियमांतही होतं, कचरागाडीचा भोंगाही रोज सकाळी ओरडून सांगतो. तरी आमच्या गल्लीत दारोदारी एकच काळी पिशवी, गच्च गाठ मारलेली!

काल सफाईवाल्या ताईंनी अशीच एक पिशवी माझ्यासमोर सोडली. आत संत्र्याची सालं, तर्री-पोह्यांचे द्रोण, रश्श्यात भिजून लगदा झालेला रद्दीचा आख्खा गठ्ठा आणि तळाशी बाळाचा डायपर. फुटक्या बाटलीची काच ताईंच्या बोटात घुसली. "रोजचंच आहे बाप्पा," म्हणाल्या अन् पदरानं रक्त पुसलं. रोजचंच? का म्हणून रोजचंच?

कोरडी रद्दी कबाडी पैसे देऊन नेतो हो! तेलानं माखलेल्या कागदाला कोण हात लावणार? दुधाची पिशवी धुऊन वाळत टाकायला असा किती वेळ लागतो?

मग हे सगळं भांडेवाडीला, नागपूरच्या कचरा डेपोत. तिथं ओलं सडतं, मिथेन तयार होतो, उन्हाळ्यात ढिगारे पेटतात आणि आजूबाजूच्या वस्तीतली लेकरं धुरात खोकतात. आपल्या घरापासून लांब आहे, म्हणून चालतं?

आणि गाडीवाला! परवा माझे दोन्ही डबे त्यानं एकाच खान्यात उपडे केले. "भाऊ, मग आम्ही वेगळं कशाले करतो?" विचारलं, तर गाडी पुढे. उद्या मी गाडीसमोरच उभी राहणार आहे, दोन्ही डबे हातात घेऊन.