'माणशी 25 एमबीपीएस' हा वाय-फायचा न्याय नव्हे

एकत्र राहणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा मतितार्थ असा: 'लाइन 100 एमबीपीएसची आणि राहणारे चौघं असतील, तर राउटरमध्ये प्रत्येकाला 25ची मर्यादा घाला. नेट स्लो होतं ते जास्त डेटा ओढणाऱ्यामुळे, म्हणून बिलाचा मोठा वाटाही त्याच्याकडूनच घ्या. तरी भागलं नाही तर मोठा प्लॅन घ्या.' हिशेब वरवर चोख वाटतो. पण तो चुकीच्या समजुतींवर उभा आहे आणि त्यापायी एका छपराखालची माणसं एकमेकांवर विनाकारण डाफरतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'प्रत्येकाला 25ची मर्यादा घाला.'

बँडविड्थ, म्हणजे लाइन सेकंदाला किती डेटा नेऊ शकते ती क्षमता, शिल्लक टाकता येत नाही. ती एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, अशी मोजतात. या सेकंदाला वापरली नाही, ती गेली. समजा, दुपारी तिघं बाहेर आहेत आणि चौथी 40 जीबीची फाइल उतरवते आहे. 25च्या मर्यादेत तिला साडेतीन तास लागतील. पूर्ण लाइन मिळाली असती तर तासाच्या आत काम उरकलं असतं. उरलेले 75 त्या तिघांच्या खात्यात जमा झालेले नाहीत, वाया गेलेले आहेत. उलट संध्याकाळी ते घरी येतील तेव्हा हिचं डाउनलोड अजून चालूच असेल. म्हणजे ज्यांच्या भल्यासाठी मर्यादा घातली, त्यांनाही तोटाच.

शिवाय बऱ्याच राउटरना माणूस कळतच नाही, उपकरण कळतं. मर्यादा उपकरणावर लागते. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही बाळगणाऱ्याला तीन वाटे आणि फक्त फोन असलेल्याला एक.

खरी वाटणी गरजेच्या क्षणी व्हायला हवी. ज्याला थोडं लागतं त्याला ते ताबडतोब मिळावं आणि उरलेलं बाकीच्यांत सारखं वाटलं जावं. आवाजी कॉलला एक दशांश एमबीपीएससुद्धा पुरतं, 4के चित्रपटाला साधारण 15 ते 25 लागतात. दोघांना 25-25 देऊन कुणाचंच भलं होत नाही.

'जास्त डेटा ओढणारा सगळ्यांचं नेट स्लो करतो.'

या वाक्याने सगळ्यात जास्त भांडणं लावली आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

पहाटे तीन वाजता कुणी 200 जीबी उतरवले तर झोपलेल्यांचं काय बिघडलं? महिन्याचा जीबीचा आकडा आणि मीटिंगमध्ये तुटणारा आवाज यांचा थेट संबंध नाही. आवाज तुटतो तो रांगेमुळे. पुष्कळ प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा बरंच कमी असतं. समजा ते 10 एमबीपीएस आहे. कुणीतरी बाहेरून आलं, फोन वाय-फायला लागला आणि खिशातल्या खिशात फोटोंचा बॅकअप सुरू झाला. फोन डेटाची छोटी गाठोडी, म्हणजे पॅकेटं, भराभर पाठवतो आणि मोडेम (घराला बाहेरच्या लाइनशी जोडणारा डबा) ती टाकून देण्याऐवजी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठवत जातो. 1 एमबीचा, म्हणजे 8 मेगाबिटचा, बफर भरला की 10 एमबीपीएसवर तो रिकामा व्हायला 0.8 सेकंद लागतात. आता तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट आलं की ते या रांगेच्या शेवटी उभं राहतं. संभाषण सहज चालायचं तर एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. इथे एकट्या रांगेतच त्याच्या पाचपट वेळ गेला.

भरीस भर म्हणजे, डाउनलोड करतानाही 'पॅकेट मिळालं' अशी पोच वर पाठवावी लागते. तीही त्याच रांगेत अडकते, म्हणून साधं पान उघडायलाही वेळ लागतो. मग सगळे शेजारच्या खोलीत चित्रपट बघणाऱ्याच्या दारावर थाप मारतात. त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं. बॅकअप ज्याच्या खिशात चाललाय, त्यालाही पत्ता नसतो.

खात्री स्वतः करून घेता येते. लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडा, एखाद्या सर्व्हरला पिंग (तिथे जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी कमांड) लावून ठेवा आणि फोनवरून मोठा व्हिडिओ चढवायला घ्या. एरवी वीस-तीसवर असणारे आकडे शेकड्यांत चढले आणि अपलोड थांबवताच खाली आले, तर दोष रांगेचा आहे. नुसत्या स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात हे दिसत नाही.

ही नवी गोष्ट नाही. संगणकतज्ज्ञ जॉन नेगल यांनी 1985 मध्येच दाखवलं होतं की अमर्याद साठवण दिली तरी जाळं कोंडतंच; आणि प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करून आळीपाळीने एकेक पॅकेट सोडावं, हा उपायही त्यांनीच सुचवला. पुढे जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांनी घराघरांतल्या फुगलेल्या बफरांकडे लक्ष वेधलं आणि 'बफरब्लोट' हे नाव रूढ झालं. 2012 मध्ये एफक्यू-कोडेल आणि 2018 मध्ये केक, असे रांग सांभाळणारे दोन उपाय लिनक्स या कार्यप्रणालीत आले. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्स-आधारित सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या राउटरमध्ये ते एसक्यूएम या नावाने वापरता येतात. अपलोड आणि डाउनलोडचे आकडे खऱ्या वेगापेक्षा पाच-दहा टक्के कमी भरायचे, म्हणजे रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते आणि राउटर ती नीट हाकतो. थोडा वेग जातो, पण कॉल टिकतो. केक आधी उपकरणांमध्ये सारखी वाटणी करू शकतो, मग एका उपकरणातल्या जोडण्यांमध्ये. कुणी काही ओढत नसेल तर त्याचा वाटा आपोआप इतरांना जातो. दोन उपकरणं एकदम चालवणाऱ्याला दोन वाटे मिळतात, ही उणीव राहतेच.

राउटरमध्ये ही सोय नसेल, तर बॅकअप रात्रीवर टाका, अपलोडची मर्यादा त्या अॅपपुरती घाला आणि मीटिंगचा लॅपटॉप केबलने जोडा.

'जो जास्त वापरतो त्याने जास्त पैसे द्यावेत.'

प्लॅनला महिन्याची डेटामर्यादा असेल आणि ती एकामुळे संपत असेल, तर जरूर द्यावेत. पण अमर्याद प्लॅनचं बिल 10 जीबीला आणि 500 जीबीला तेवढंच येतं. शिवाय जीबी मोजायचे तर कुणीतरी राउटर उघडून कोण कधी ऑनलाइन होतं हे पाहत बसणार. घरातल्या एकाच्या हाती बाकीच्यांवर अशी नजर देणं मला अजिबात मान्य नाही. राउटरचा पासवर्ड सगळ्यांकडे असावा आणि सेटिंग सगळ्यांसमोर बदललं जावं.

'नाहीतर मोठा प्लॅन घ्या.'

काही मोठ्या प्लॅनमध्ये डाउनलोड वाढतं, पण अपलोड फारसं वाढत नाही. कोपऱ्यातल्या खोलीत वाय-फायचा सिग्नल क्षीण असेल, तर तिथला फोन तेवढाच डेटा न्यायला हवेतला जास्त वेळ खातो आणि इतरांचं वाय-फायही मंदावतं. त्यावर प्लॅन बदलून उपयोग नाही, राउटरची जागा बदलावी लागते. मात्र रांगेचा बंदोबस्त केल्यावर सगळे एकदम नेट वापरत असताना पिंग खालीच राहिलं, राउटरजवळ केबल लावूनही चित्र धूसर दिसलं, तर लाइन खरोखरच लहान आहे. तेव्हा मोठा प्लॅन खुशाल घ्या.