अक्की, बेल्ल आणि अण्णांचं दुकान

परवा बेळगावातल्या शहापूरला आईकडे गेले होते. गल्लीच्या तोंडावरचं अण्णांचं किराणा दुकान होतं तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलीत. हिंग, गूळ आणि गोणपाटाचा वास येईल म्हणून नाक उगीच तयार झालं होतं.

"काय ती आपुलकी होती" असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. सुट्टे नसले की अण्णा बळंच लिमलेटच्या गोळ्या हातावर ठेवायचे. कुणाची उधारी किती तटली, हे अख्ख्या गल्लीला माहीत. आमची वाढली की आई मला पाठवायची, लहान पोरीला कोण काय बोलणार!

मला आठवतं ते तिथलं बोलणं. शाळा मराठी, कन्नडच्या पेपरात जेमतेम पास. खरं कन्नड आलं ते अण्णांच्या फळीला टेकून. त्यांच्या घरी कन्नड, आमच्याशी मराठी. वडगावचे मागवाले हप्ता मिळाला की यायचे. खासबागचा रविवारचा बाजार करून खेड्याकडं परतणारेही टेकायचे. रांग कसली, घोळकाच. "एष्ट आत्री?" म्हणजे किती झाले? "अण्णा, आमचं बघा की आधी!" त्या गोंधळात कधीतरी अक्की म्हणजे तांदूळ, बेल्ल म्हणजे गूळ, उप्पु म्हणजे मीठ हे डोक्यात बसलं. शेंगा मात्र दोन्हीकडं शेंगाच. अण्णा बेरीज कन्नडमध्ये पुटपुटायचे आणि आकडा मराठीत सांगायचे.

(आमची आजी गणपत गल्लीत जायलासुद्धा "बेळगावला जाऊन येते" म्हणायची. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात, पलीकडं इंग्रजांचं बेळगाव. संस्थान गेलं तरी तिच्या तोंडातली हद्द काही गेली नाही.)

दुकान का बंद पडलं? २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव आलं, रस्ते खणले गेले, सगळं त्यावर ढकलता येईल. पण महिन्याचं सामान आम्हीच मार्टमधून आणायला लागलो होतो. अण्णांकडं जायचं ते विसरलेल्या काडेपेटीसाठी. "काडेपेटीवर दुकान चालतंय होय गं?" ते एकदा हसत म्हणाले होते. मी पण हसले. आता ते आठवलं की लाज वाटते.

सध्या भांडण पाट्यांचं आहे. कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनं दुकानांच्या फलकावर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं. मराठी पाटी उतरली की मलाही टोचतं, खोटं कशाला बोलू. पण पाटीखालून आत गेल्यावर बोलतं कोण? मार्टमधली पोरगी हिंदीत फोन नंबर विचारते, मी हिंदीत सांगते. तिच्या बिल्ल्यावरचं आडनाव कन्नड, माझं मराठी, आणि दोघींची हिंदी यथातथाच. अण्णांच्या दुकानावर नावाची पाटीच नव्हती, चहाच्या कंपनीचा गंजका पत्रा होता. तो कुठल्या भाषेत होता, आठवत नाही.

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम तिला विचारलं, "एष्ट आत्री?"

तिनं वर न बघता स्क्रीन माझ्याकडं वळवली.