एक अंश आणि एक ‘काका’

निपाणीच्या वाचकांस,

होकायंत्रावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “काका, बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून विमानं मोजणाऱ्यांनी वैमानिकांना कंपास शिकवू नये. पूर्व-पश्चिमेचा नियम तुम्ही उलटा दिलाय. आणि व्हेरिएशन सगळीकडे सारखंच धरलं तर काय बिघडतंय? जीपीएस आहे की.” (व्हेरिएशन म्हणजे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जितकी कलते तो कोन.)

‘काका’ला माझी हरकत नाही. रविवार पेठेतला भाजीवालाही काकाच म्हणतो, पण तो पुढे टोमणा मारत नाही.

कुंपणाबाहेर म्हणालात, म्हणून सांगतो. सांबऱ्याच्या कुंपणाआतच मी शिकलो आणि पुढची १९ वर्षं हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून काढली. कंपास स्विंग कधी बघितलाय? आसपास लोखंड नाही अशा जागी विमान न्यायचं, एकेका दिशेला तोंड करून उभं करायचं आणि दर वेळी सुई किती चुकते ते टिपायचं. खिशातल्या किल्ल्या, पान्हे, कमरेचा पट्टासुद्धा लांब ठेवायचा. भर उन्हात एका हातानं पँट धरून मी हे केलंय. (ते डेव्हिएशन, विमानाच्या स्वतःच्या लोखंडाचं, व्हेरिएशन पृथ्वीचं. मला कळतंय, समजावायची तसदी घेऊ नका.)

आता तुमचं ‘सगळीकडे सारखंच’. बेळगावात सुई खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला साधारण एक अंश कलते, दिल्लीत तेवढीच पूर्वेला. म्हणजे देशातल्या देशात दिशाच बदलली. ऑकलंडला जा, २० अंशांच्या आसपास पूर्व. केप टाउनला २५ अंशांच्या घरात पश्चिम. तिथे ‘सारखंच’ धरून उडणाऱ्या विमानात तुम्ही बसा, मी नाही बसायचा. बरं, एकच अंश घेऊ. ६० मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल, हे शिकाऊ पोरांनाही पाठ असतं. इथून मुंबई सरळ रेषेत ४०० किलोमीटर धरा. जवळपास सात किलोमीटर बाजूला जाल. आषाढातल्या ढगांत सात किलोमीटर!

शिवाय हा आकडा एका जागी थांबत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम आल्या की कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय सुया बिघडणार, म्हणून १९०४ साली मोजणीचं काम अलिबागला हलवलं आणि आजही तिथे मोजणी चालते. धावपट्टीचे आकडे चुंबकीय दिशेवरूनच पडतात. सांबऱ्याचे ०८ आणि २६ (म्हणजे साधारण ८० आणि २६० अंश) बघितलेच असतील, कुंपणाबाहेरूनही दिसतात. सुई सरकली म्हणून अमेरिकेतल्या टॅम्पा विमानतळाला २०११ साली धावपट्टीवरचे आकडे पुन्हा रंगवावे लागले. काही बिघडत नसतं तर रंगाचा खर्च कोण करतंय?

राहिला नियम. खऱ्या दिशेवरून चुंबकीय काढताना पश्चिम असेल तर मिळवायचं, पूर्व असेल तर वजा. लेखात ते उलटं पडलं होतं. घाईत एखादा शब्द इकडचा तिकडे होतो; आज सकाळी दुरुस्त केलंय. एवढं मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही, पण तेवढ्यासाठी माणसाला कुंपणाबाहेर काढायचं नसतं.

जीपीएसचं वाचलं. त्यावर उत्तर द्यावं असं वाटलं नाही.