'साधामाणूस' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

साधामाणूस, आरोग्य सेतू (कोविडच्या काळात बाधिताच्या जवळ कोण आलं ते ब्लूटूथ आणि जीपीएसने टिपणारं सरकारी ॲप) सक्तीचं करण्याविरुद्ध मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही लिहिलंत, "एसीत बसून प्रायव्हसीच्या गप्पा मारणं सोपं आहे, ज्याला काही लपवायचं नाही त्याला आरोग्य सेतूची भीती कशाला?" मतभेद असू देत हो, पण ही काय बोलायची पद्धत? शीर्षक जरा भडक होतं, तेवढं मान्य.

आता एसी. आमच्याकडे नाहीये. २०२० मध्ये मी पुण्यात आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि पॉझिटिव्ह लोकांची यादी, नाव-पत्ता-मोबाईलसकट, कुठून फुटायची देव जाणे, पण पेशंटच्या घरी फोन जायच्या आधी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हजर. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं नाव आलं तर त्या बऱ्या झाल्यावरसुद्धा कामवाल्या मावशींना दम दिला गेला, त्यांच्याकडे गेलात तर आमच्याकडे यायचं नाही. काकूंनी काय लपवलं होतं सांगा ना? त्या तर आपणहून टेस्टला गेल्या होत्या! मग झालं काय, विंगमधे कोणाला ताप आला की गोळी घेऊन गप्प, टेस्टच नको. आणि त्या ॲपमधली खोकला-तापाची प्रश्नावली माणूस स्वतःच भरायचा, घाबरलेला माणूस तिथे खरं लिहीत असेल असं वाटतं तुम्हाला?

ब्लूटूथला माझा आक्षेप नव्हताच (जीपीएस कशाला हवं होतं हा प्रश्न आहे). आक्षेप सक्तीला होता. गृह मंत्रालयाने १ मे २०२० च्या आदेशात खासगी नोकरदारांनाही ॲप कम्पल्सरी केलं, नोएडात तर फोनमधे नसलं तर कलम १८८ (सरकारी आदेश मोडल्याचा गुन्हा) लावू म्हणाले, आणि या सगळ्याच्या मागे ॲपसाठी केलेला कायदा कुठला, तर कुठलाच नाही. सक्ती बेकायदा आहे हे सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश न्या. श्रीकृष्ण पण म्हणाले होते, तेही एसीतले का? १७ मेला सक्ती सैल झाली, ती का, याचा तुम्हीच विचार करा. सिंगापूरच्या ट्रेसटुगेदर या अशाच ॲपबद्दलही सांगितलं होतं की फक्त बाधिताच्या संपर्कातले लोक शोधण्यासाठी, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेत कळलं की गुन्ह्याच्या तपासात पोलिसही तो डेटा मागू शकतात.

बाकी "गूगलला लोकेशन देता तेव्हा?" वगैरे. ते मी बंद केलं म्हणून नोकरी जात नाही, पुढे.

डेटा १८० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, या नियमाबद्दल म्हणाल तर वाचलाय, लिंक पाठवायची गरज नव्हती. आणि लपवण्यासारखं काही नाही म्हणणारे तुम्ही स्वतः टोपणनावाने लिहिताय, तर लिहा, मी काही खरं नाव विचारणार नाही.