बारा रुपये तास

काल रात्री सासऱ्यांनी मला माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, खांद्याला धरून गदागदा हलवून उठवलं. घरात दीड महिन्याचं बाळ आहे, आणि मी सलग तीन तास झोपलो त्यालाही आता दीड महिना झाला. टीव्हीवर मेंढ्या चरत होत्या. मेंढ्या बघून माणसाचा डोळा लागणारच. तेवढ्यात, "अवो जावईबापू, झोपताय काय? चालू हाय की अजून!"

चालू आहे म्हणजे बीबीसी.

चूक माझीच. अण्णा, म्हणजे सासरे, आणि आई, म्हणजे सासूबाई, बाळंतपणासाठी तासगावहून इकडे लंडनजवळच्या स्लावला आले, आणि पहिल्याच आठवड्यात मी बोलून गेलो की इथे टीव्हीचं लायसन असतं, बीबीसी त्याच पैशांवर चालते; २०२५ च्या दराने वर्षाला १७४.५० पौंड. अण्णा कृषी खात्यातून निवृत्त. त्यांनी बिस्किटांच्या पुड्याचा कागद उलटा करून हिशेब मांडला. वर्षाला एकवीस हजार रुपये. दिवसाला साठाच्या आत-बाहेर. रोज पाच तास बघितलं तर तासाला बारा रुपये, आणि नाही बघितलं तर साठच्या साठ पाण्यात. त्या दिवसापासून ते टीव्ही बघत नाहीत, वसूल करतात. अनलिमिटेड थाळी घेतलेला माणूस पोट फुटलं तरी बासुंदी सोडत नाही, तसं.

"आणि न्हाईच भरलं तर?"

"गुन्हा आहे अण्णा. हजार पौंडांपर्यंत दंड."

"आमी बीबीसी बघतच न्हाई म्हणायचं."

"कुठलंही चॅनल लाइव्ह बघितलं तरी लागतंच."

हे त्यांना पटलं. रेडिओचं लायसन पोस्टात रांग लावून भरलेली पिढी. तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण ज्ञान पाजळायची खोड. म्हणालो, ब्लॅक अँड व्हाइट संचाचं लायसन अजून मिळतं, २०२५ च्या दराने ते साडेअठ्ठावन्नच पौंड.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मग रंग काढून टाका की."

"संचच तसला लागतो."

"रिमोटवर जातोय रंग. मी काल करून बघितलाय."

"तसं चालत नाही."

"बघाय कोण येतंय?"

"येतात कधी कधी दारात."

"मग बेल वाजली की काढायचा."

मी विषय बदलायला म्हणून सांगितलं की अंध माणसाला निम्म्या दरात मिळतं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

"माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय."

"अहो, लायसन माझ्या नावावर आहे."

अण्णांनी माझ्या चष्म्याकडे निरखून बघितलं. "तुमचा नंबर किती?"

असो. रविवार म्हणजे मोठी वसुली. 'कंट्रीफाइल' हा शेतीवाडीचा कार्यक्रम, त्यात पुढच्या आठवड्याचं हवामानही सांगतात. ते अण्णा वहीत उतरवून घेतात. स्लावमध्ये आमच्याकडे मागच्या बाजूला सहा फरशा आणि एक मेलेली तुळस आहे, तेवढ्यासाठी. त्यानंतर 'अँटिक्स रोडशो'. १९७९ पासून चाललाय. लोक घरातल्या जुन्या वस्तू घेऊन कुठल्यातरी वाड्याच्या हिरवळीवर रांग लावतात, तज्ज्ञ ती वस्तू उलटी-सुलटी करून इतिहास सांगतो आणि अगदी शेवटी किंमत. म्हातारी "ओह" म्हणते. आम्ही कधीच विकणार नाही, असंही म्हणते. अण्णांचा आयुष्यभराचा अनुभव तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांचा. पहिल्या दिवशी ते पाच मिनिटं वाट बघत बसले.

"घेणार कोण?"

"कोणी घेत नाही. नुसती किंमत सांगतात."

"सौदाच न्हाई? मग भाव काढला कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. कधी कधी एखादी वस्तू निघते आपल्याकडची. मालक सांगतो, पणजोबा तिकडे फौजेत होते, येताना घेऊन आले. अण्णा लगेच सरसावतात: "आणली म्हंजे? पावती विचारा त्याला!" मी विचारायचं. टीव्हीला.

खरं सांगायचं तर तिथे मलाही आतून काहीतरी चावतं. आजीचा तांब्याचा बंब आमच्याकडे गीझर आल्यावर मोडीत गेला. किलोवर. घंगाळही गेलं त्याच्यासोबत. त्या पैशांत स्टीलचे डबे आले, आणि वाटणीत ते डबे भावाकडे गेले. इथे लोक मोडक्या कानाची किटली दुपट्यात गुंडाळून आणतात आणि तज्ज्ञ तिच्याशी बाळंतिणीशी बोलावं तसा हळुवार बोलतो. बाळंतीण म्हणजे आमच्याकडे वर झोपलीय. तिच्याशी हळू बोला म्हटलं तर अण्णा आवाज दोन काड्यांनी कमी करतात आणि 'पैसे तेवढेच' असं पुटपुटतात.

मग 'कॉल द मिडवाइफ'. पूर्व लंडनमधल्या सुईणी, नन आणि दर रविवारी निदान एक बाळंतपण. आईंना इंग्रजी येत नाही, पण कळा कुठल्याही भाषेत कळतात. त्या पदर तोंडात धरून रडतात. अडचण अशी की बीबीसीवर जाहिरातीच नाहीत. तिकडे सिरियलमध्ये ब्रेक लागला की कुकर होतो, आमटीला फोडणी होते. इथे उठायचं कधी? म्हणून कार्यक्रम संपला की अख्खा ब्रिटन एकदम किटल्या लावायचा आणि ग्रिडवाले वीज कमी पडू नये म्हणून टीव्हीच्या वेळापत्रकावर डोळा ठेवून बसायचे. हे खरं आहे. हे ऐकल्यावर आईंच्या मनात या देशाविषयी पहिल्यांदा आदर आला. किटली मीच लावतो.

तर काल मी मेंढ्यांपाशी झोपलो, अर्धा तास. अण्णांनी जागं केल्यावर पहिलं वाक्य काय? "सहा रुपये गेले."

आज सोमवार. ऑफिसमधून आलो, बाळाला ढेकर काढला, म्हटलं आज वरच पडावं. पण सोमवारी 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' असतं, विद्यापीठांतल्या मुलांची प्रश्नमंजुषा. प्रश्न विचारणारा अमोल राजन, जन्म कोलकात्याचा, हे मी तीनदा सांगून झालंय. अण्णांच्या लेखी अमोल म्हणजे आपलाच, मिरजेकडचा असणार. आणि मी इथे एमएस्सी केलंय, तेव्हा मुलांच्या आधी उत्तर मी द्यायचं. गेल्या सोमवारी मी दोन दिली. दोन्ही चुकली. अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं आईंकडे बघितलं.

खालून हाक आली. "जावईबापू, या लवकर! अमोल लागला!"