भाकरी अर्धी करायला सांगण्याआधी तिच्या ताटात उसळ पोचू द्या

वजन कमी करायचं म्हटलं की आपल्याकडच्या बायकांना पहिला सल्ला मिळतो, भात बंद करा. दुसरा, चपाती सोडा, भाकरी खा. मग अंडी, चिकन, मासे सुरू होतात. समोरची बाई माळकरी घरातली आहे, जैन आहे, लिंगायत आहे असं कळलं की सल्ला 'मग पनीर खा' इथं येऊन थांबतो. बेळगावात एका ठिकाणी मला मिळालेला आहाराचा छापील कागद अगदी असाच होता. मांसाहारी रकाना गच्च भरलेला आणि शाकाहारी रकान्यात पनीर आणि सॅलड. बायका काही दिवस काकडी आणि पनीरच्या तुकड्यांवर काढतात, दुपारी चारला डोकं गरगरायला लागतं, आणि 'आपल्याला हे जमणारं नाही' म्हणून सोडून देतात. जमत नाही त्यात त्यांचा दोष नाही. कागदात जेवणच नव्हतं.

मी स्वतः बरेच महिने कमी कर्बोदकांचं शाकाहारी जेवण जेवते आहे. वजन उतरलंय, गुडघे बोलायचे थांबलेत, आणि जेवून उठल्यावर येणारी झापड गेली. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी भाकरीचं बघू, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच आहे. खानापूर आणि बेळगाव तालुका भाताचा, अथणी, गोकाक, सौंदत्तीकडं जोंधळ्याचा. त्यामुळे भाताकडच्या माणसाला वाटतं भाकरीवर आलो की झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते बघा. 100 ग्रॅम तांदळात कर्बोदकं साधारण 78 ग्रॅम, जोंधळ्यात 68, गव्हाच्या पिठात 64. जोंधळ्यात तांदळापेक्षा चोथा जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे खरं. पण एका मध्यम भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 40 ते 48 ग्रॅम कर्बोदकं आली. दोन भाकऱ्या आणि वर 'भाताशिवाय जेवण पुरं होत नाही' म्हणून वाटीभर भात घेतला, की एका वेळेलाच सव्वाशेच्या आसपास. कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात तो दिवसाला 130 ग्रॅमच्या आतला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहावरच्या, आयसीएमआर-इंडियाब नावाच्या, 2025 साली आलेल्या देशव्यापी पाहणीत हेच दिसलं: भारतीय माणसाच्या एकूण ऊर्जेतली सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येते, आणि पांढऱ्या धान्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणून मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. धोका कमी दिसला तो कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथं डाळी-कडधान्यांची किंवा दुधादह्याची प्रथिनं आल्यावर.

म्हणजे प्रश्न तांदूळ की जोंधळा हा नाहीच. भाकरीशेजारी काय आहे आणि किती आहे, हा आहे.

किटो मात्र शाकाहारी माणसानं करू नये असं माझं स्पष्ट मत. दिवसाला 50 ग्रॅमच्या खाली जायचं तर डाळ, मटकी, हरभरा सगळंच जातं. राहतं लोणी, पनीर आणि बदाम. ते आपलं जेवण नव्हे, आणि पंधरा दिवसांनी नकोसं होतं. 100-130 ग्रॅमवर राहिलात तर आपल्या मातीतलं सगळं ताटात बसतं. उत्तर कर्नाटकातल्या कुठल्याही साध्या खानावळीत जाऊन बसा. मोडाच्या मुगाची उसळ, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, कच्च्या मेथीची पानं, कांद्याची पात, मुळा, काकडी, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, दही. तेवढं ताट समोर आल्यावर एका भाकरीत पोट भरतं. आपण करतो ते उलटं: चार भाकऱ्या आणि या सगळ्यातलं बोटभर तोंडी लावायला.

मी काय खाते ते सांगते, कारण सगळ्या तेच विचारतात. सकाळी उप्पीट-पोह्यांऐवजी हिरवे मूग भिजवून वाटून घावन, सोबत दही. दुपारी एक भाकरी आणि दोन वाट्या मटकी किंवा हुलग्याची उसळ, पालेभाजी, ताक. भाजी म्हणजे अंबाडी, चाकवत, थंडीत हरभऱ्याची कोवळी पानं. संध्याकाळी मूठभर भाजके शेंगदाणे. 30 ग्रॅमला 7 ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण ऊर्जाही दीडशे कॅलरीच्या पुढं जाते, म्हणून मूठ एकच. रात्री अर्धी भाकरी, पातळ पिठलं किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी. कोरड्या 30 ग्रॅम वड्यांत 15 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि त्या बेळगावच्या रविवार पेठेपासून खेड्यातल्या दुकानापर्यंत मिळतात. भात सणावारी. पुरणपोळी होळीला, पोटभर.

एकादशीचं वेगळं सांगायला हवं, कारण माळकरी घरात महिन्यातून दोनदा ती येते. साबुदाणा, वरी, रताळी. आपल्या बेळगाव तालुक्याचं रताळं चवीला चांगलं, त्याला नाव ठेवणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. त्या दिवशी मी शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी आणि रताळ्याचा एक तुकडा घेते. उपास मोडत नाही, विठोबाही रागावत नाही.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो उतरले म्हणून हुरळून जाऊ नका, त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरातली साठवलेली साखर पाणी धरून असते, ती संपली की पाणी जातं. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय भात-भाकरी कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. शाकाहारी असाल तर बी-12 ही तपासून घ्या.

हाच एक मार्ग आहे असंही मी म्हणत नाही. स्टॅनफर्डमध्ये 609 माणसांना वर्षभर दोन गटांत ठेवलं होतं, एकाला कमी चरबी, दुसऱ्याला कमी कर्बोदकं. 2018 साली निकाल आला, दोन्हींच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. जे वर्षानुवर्षं पाळता येईल ते करा.

आता मला खरं बोलायचंय ते. आपल्या घरात बाई शेवटी जेवते. आधी पोरं, मग पुरुष माणसं, पाहुणे असतील तर पाहुणे, मग सासूबाई. तोवर उसळीच्या भांड्यात काय असतं? तळाला चार दाणे आणि रस्सा. दह्याच्या गाडग्यात कड खरवडायची. भाकऱ्या मात्र बुट्टीत असतात, कारण भाकरी ती मोजून दोन जास्तच थापते, कमी पडायला नको म्हणून. मग ती त्या दोन्ही भाकऱ्या रश्श्यात कुस्करून खाते आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तोही. 60 किलोच्या बाईला दिवसाला 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. तिच्या ताटात त्याच्या निम्मी तरी येतात का, ते एकदा बघा. त्याच बाईला आपण सांगतो, 'वैनी, खाण्यावर ताबा ठेवा.' ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते. खाण्यावर तिचा ताबा होता कधी?

आमच्याकडं मी सुरुवात केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "भाकरी सोडून पाला खाऊन जगतीस काय गं?" मी भांडले नाही. मटकी दुप्पट भिजत घालायला लागले आणि वाढायच्या आधी दोन वाट्या बाजूला काढल्या, एक माझी, एक त्यांची. पहिले काही दिवस त्या आपली वाटी नातवाच्या ताटात ओतायच्या. आता त्याच विचारतात, "माझी वाटी काढलीस न्हवं?" मालकांना एवढंच सांगितलं, डाळ महिन्याला दोन किलो जादा लागणार, तांदूळ तेवढा कमी आणा. खर्च थोडा वाढला. कुणाची उपासमार झाली नाही.

म्हणून आहाराचे कागद वाटणाऱ्या सगळ्यांना माझं मागणं आहे. शाकाहारी रकाना मटकी, हुलगे, अंबाडी, ताक, शेंगा लिहून भरा, मराठीत आणि कन्नडमध्ये. आणि समोर बाई बसली असेल तर वजनकाट्यावर उभं करायच्या आधी तिला विचारा, तुम्ही कितव्या पंगतीला जेवता आणि तोवर भांड्यात काय उरलेलं असतं. ते ऐकून घ्या, मग तिची भाकरी किती ते ठरवा.